मलपृष्ठाची शेवटची ओळ

पुस्तक हाती आले की आपण आधी लेखक पाहतो, मग प्रकाशक, मग किंमत. मुद्रकाचे नाव वाचणारा वाचक विरळा. रेकॉर्डच्या बाबतीत तर तो जवळजवळ नाहीच, असे मी बराच काळ समजत होतो. प्रत्यक्षात असा वाचक आहे, आणि तो कोणत्याही विद्यापीठाच्या साहित्य विभागात बसलेला नाही. १९५० ते १९८० या काळात कॅनडात निघालेल्या एल.पी. रेकॉर्ड्सची पुठ्ठ्याची वेष्टने गोळा करणारी, भिंगाखाली धरणारी आणि 'हे कव्हर नेमके कोणी छापले?' असा प्रश्न चिकाटीने विचारणारी ही मंडळी आहेत. त्यांचा प्रश्न आपला, म्हणजे साहित्य शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचाही आहे. त्याचे उत्तर ज्या रीतीने दिले जाते तिच्यातला एक दोष आपल्या विद्येला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. या दोन गोष्टी सांगण्यासाठी हा लेख.

उदाहरण परिचित घेऊ. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी ब्रिटनमध्ये 'विथ द बीटल्स' ही रेकॉर्ड निघाली. रॉबर्ट फ्रीमन यांनी काढलेले, अर्धे चेहरे अंधारात असलेले ते काळेपांढरे छायाचित्र आज जगाच्या दृश्यस्मृतीचा भाग झाले आहे. ब्रिटिश वेष्टनाच्या मलपृष्ठावर तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव असते. मौज अशी, की सर्व प्रतींवर ते एकच नसते. काही प्रतींवर गॅरड अँड लॉफ्टहाउस आहे, तर काहींवर अर्नेस्ट जे. डे आणि कंपनी. रेकॉर्ड एक, क्रमांक एक, चित्र एक. छापखाने मात्र दोन. ग्रंथसूचीच्या भाषेत बोलायचे तर ही एकाच आवृत्तीची दोन मुद्रणे, आणि ती वेगळी ओळखण्याची सोय त्या एका ओळीने करून ठेवली आहे.

त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, कॅपिटॉल रेकॉर्ड्स ऑफ कॅनडाने तीच गाणी 'बीटलमेनिया!' या नावाने बाजारात आणली. उत्तर अमेरिकेत निघालेली बीटल्सची ही पहिली एल.पी. छायाचित्र तेच, पण त्याच्यावर वृत्तपत्रे-नियतकालिकांतली अवतरणे छापून कॅनडाच्या कंपनीने त्या गंभीर चित्राची जाहिरात करून टाकली. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेत 'मीट द बीटल्स!' आली तेव्हा त्याच छायाचित्रावर निळसर छटा चढली होती. एका चित्राचे हे तीन पाठ आहेत. पाठभेद हा शब्द आपण पोथ्यांसाठी राखून ठेवला आहे; पण येथे तो तितकाच लागू आहे. आणि पाठभेद म्हटला, की लेखनिक कोण हा प्रश्न आलाच.

कॅनडाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अवघड का व्हावा, हे त्या उद्योगाच्या रचनेत दडलेले आहे. तेथील रेकॉर्ड-उद्योगाचा मोठा भाग परदेशी कंपन्यांच्या शाखांचा होता. आयात शुल्कामुळे तयार माल सीमेपलीकडून आणण्यापेक्षा तो देशातच तयार करणे सोयीचे होते. म्हणून ध्वनीची मूळ फीत आणि चित्राची फिल्म बाहेरून यायची, आणि तबकडी व पुठ्ठा यांना देशात आकार मिळायचा. त्यातही श्रमविभागणी होती. कॅपिटॉलच्या कॅनडातल्या तबकड्या १९६० च्या दशकात ओंटारिओतील स्मिथ्स फॉल्स येथे, म्हणजे आर.सी.ए. व्हिक्टर या प्रतिस्पर्धी कंपनीच्या कारखान्यात दाबल्या जात. क्वेबेकमधील लाशीन येथे हर्बर्ट बर्लिनर यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली कॉम्पो कंपनी तर कितीतरी इतरांच्या तबकड्या काढून देत असे. म्हणजे वेष्टनावर ठळक अक्षरांत जिचे नाव आहे त्या कंपनीने आतली तबकडीही घडवलेली असेलच असे नाही, मग पुठ्ठा छापणे दूरच. छपाई आणखी तिसऱ्याच कोणाकडे. पार्स प्रिंट अँड लिथो, शोअरवुड पॅकेजिंग कॉर्पोरेशन ऑफ कॅनडा, मॉडर्न अल्बम ऑफ कॅनडा ही नावे कॅनडातल्या वेष्टनांच्या कडांना अधूनमधून भेटतात. अधूनमधूनच. कित्येक वेष्टनांवर 'कॅनडात छापले' एवढेच असते, आणि शोध सुरू होतो तो तेथून.

हा शोध कसा चालतो, ते थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. पहिला पुरावा अर्थातच छापखान्याने स्वतः दिलेल्या नावाचा. ते मलपृष्ठाच्या तळाशी असते, कधी कण्यालगत, कधी आत वळवलेल्या पट्टीवर, जेथे पुठ्ठ्याचा सांधा उघडल्याशिवाय नजर पोचत नाही. दुसरा पुरावा देशाच्या ओळीचा. ती इंग्रजीतच आहे की फ्रेंचसह आहे, यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. १९६९ चा राजभाषा कायदा आणि १९७४ चे ग्राहकोपयोगी मालाच्या वेष्टनासंबंधीचे नियम यांच्यानंतर दोन्ही भाषांचा वापर वाढला. पण हा अंदाजच. क्वेबेकमध्ये फ्रेंच वाचकासाठी छापलेल्या वस्तूवर फ्रेंच असायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नव्हती.

तिसरा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. कामगार संघटनांचे शिक्के. संघटित छापखान्यात झालेल्या कामावर संघटनेचे एक लहानसे चिन्ह छापण्याची प्रथा उत्तर अमेरिकेत होती. अलाइड प्रिंटिंग ट्रेड्स कौन्सिलच्या चिन्हात शहराचे नाव आणि छापखान्याचा क्रमांक असे. क्रमांकांची यादी हाती असेल, तर मालकाने जे नाव दिले नाही ते कामगारांच्या चिन्हातून वाचता येते. लिथोग्राफर कामगारांची स्वतंत्र संघटना १९६४ मध्ये फोटो-एन्ग्रेव्हर कामगारांच्या संघटनेशी एकत्र आली आणि नाव बदलले. म्हणजे हे चिन्ह काळाचीही साक्ष देऊ शकते. मात्र येथेही सावधगिरी हवी. जुने चिन्ह प्लेटवर तसेच राहून पुढे वर्षानुवर्षे छापले जाऊ शकते. आणि फिल्म सीमेपलीकडून आली असेल तर चिन्हही तिच्याबरोबर सीमेपलीकडचे येऊ शकते. छापील ओळ सहसा खोटे बोलत नाही. पण ती कोणाविषयी बोलते आहे, हे तपासावे लागते.

चौथा पुरावा बांधणीचा. जुन्या पद्धतीत कोऱ्या पुठ्ठ्यावर छापील कागद डकवत. पुढचा कागद कडांवरून मागे वळवायचा आणि मागचा कागद त्या वळणांवर चिकटवून ते झाकायचे. पुढे पुठ्ठ्यावरच थेट छपाई करून, डायने कापून, पट्ट्या आत दुमडून चिकटवण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमध्ये पुढच्या भागाला चकचकीत लॅमिनेशन करून त्याच्या पट्ट्या मागच्या बाजूवर उघड दिसतील अशा चिकटवत. प्रत्येक छापखान्याचा डाय त्याचा स्वतःचा असतो. पट्टीचा कोपरा किती तिरपा कापला आहे, तबकडी आत सरकवण्याच्या तोंडाशी खाच आहे की नाही, डिंकाची रेघ कोठून कोठवर जाते, हे सारे हस्ताक्षरासारखे असते. पाचवा पुरावा भिंगाखालचा: रंगांच्या जाळीचे ठिपके. मूळ फिल्मवरून छापलेले चित्र आणि छापील चित्राचेच पुन्हा छायाचित्र घेऊन छापलेले चित्र यांतला फरक ठिपके सांगतात. दुसऱ्या प्रकारात जाळीवर जाळी चढते, लाटांसारखी नक्षी उमटते आणि सावल्यांतले तपशील बुजून जातात.

या सगळ्या खटाटोपाची टिंगल करणे सोपे आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने ती करण्यापूर्वी स्वतःचे पूर्वज आठवावेत. पंधराव्या शतकातली जी पुस्तके मुद्रकाचे नाव न देता छापली गेली, त्यांचे मुद्रक ठरवण्याची पद्धत केंब्रिजचे ग्रंथपाल हेन्री ब्रॅडशॉ आणि त्यांच्यानंतर ब्रिटिश म्युझियममधील रॉबर्ट प्रॉक्टर यांनी याच वाटेने घडवली. ज्या पुस्तकांवर नाव आणि वर्ष आहे ती आधी बाजूला काढायची. त्यांतले खिळे मोजायचे, न्याहाळायचे. आणि मग निनावी पुस्तके त्यांच्याशी ताडून पाहायची. ज्ञाताकडून अज्ञाताकडे, आणि तेही एकेक पाऊल. १९३४ मध्ये जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड यांनी एकोणिसाव्या शतकातल्या काही दुर्मीळ म्हणवल्या जाणाऱ्या पुस्तिका बनावट असल्याचे सिद्ध केले, तेही कागद आणि खिळे यांच्याच बळावर. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांची १८४७ ची म्हणून विकली गेलेली पुस्तिका ज्या कागदावर होती, तशा लाकडाच्या लगद्याचा कागद त्या वर्षी इंग्लंडमध्ये वापरातच नव्हता. खिळ्यांच्या वैशिष्ट्यांवरून त्यांनी छापखानाही शोधून काढला. परंतु छापखाना सापडला म्हणजे बनावट करणारा सापडला, असे त्यांनी म्हटले नाही. संशय टी. जे. वाइज यांच्याकडे वळेल अशा रीतीने पुरावा मांडून ते थांबले. त्यांच्या पुस्तकाचे मोठेपण जितके शोधात आहे, तितकेच या थांबण्यात आहे.

आणि नेमके हे थांबणे रेकॉर्डच्या वेष्टनांच्या बाबतीत सुटते आहे. माझी तक्रार आहे ती एवढीच; पण ती लहान नाही.

ब्रॅडशॉ-प्रॉक्टर यांच्या काळच्या मुद्रकाकडे खिळे त्याचे स्वतःचे असत. जुळणी आणि छपाई एका छपराखाली होई. विसाव्या शतकातल्या ऑफसेट छपाईत तसे नाही. मलपृष्ठावरचा मजकूर एका ठिकाणी जुळवलेला, फिल्म दुसऱ्याने काढलेली, छपाई तिसऱ्याची, डाय-कटिंग आणि चिकटकाम चौथ्याचे, असे असू शकते. डकवलेल्या कागदाच्या वेष्टनात तर पुढचा कागद आणि मागचा कागद वेगवेगळ्या यंत्रांवरून उतरलेला असू शकतो. तेव्हा अक्षरांवरून आपण फार तर जुळारी ओळखू, पट्टीच्या कोपऱ्यावरून डाय ओळखू; 'मुद्रक' ओळखला असे म्हणताना या सर्वांचा एकच माणूस करून टाकतो. साहित्यात ज्याला आपण 'लेखक' म्हणतो त्याच्याविषयी गेली पन्नास वर्षे आपण इतके साशंक झालो. मुद्रकाविषयी मात्र एवढा भाबडेपणा कशासाठी?

दुसरा धोका नोंदींचा. २००० साली सुरू झालेल्या डिस्कॉग्ज या संग्राहकांच्या सूचीत रेकॉर्ड कोणी दाबली, वेष्टन कोणी छापले, यांसाठी वेगळे रकाने आहेत. ही मोठीच गोष्ट. ग्रंथालयांच्या तालिकेतही निर्मात्यासाठी जागा आहे; पण ती बहुधा रिकामीच राहते. हौशी लोकांनी ती भरली, याबद्दल ग्रंथपालांनी आणि प्राध्यापकांनी त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु रकान्याचा स्वभाव असा, की तो 'बहुधा' हा शब्द गिळून टाकतो. एकाने कोपऱ्याच्या तिरपेपणावरून एका छापखान्याचे नाव सुचवले. दुसऱ्याने ते आपल्या प्रतीच्या नोंदीत उतरवले. तिसऱ्याने विक्रीच्या वर्णनात घातले. आणि चौथा त्या तिघांना तीन साक्षीदार समजला. पोथ्यांच्या अभ्यासकाला हे नवे नाही. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा नकला म्हणजे दहा साक्षी नव्हेत, एकच साक्ष. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा आहे. एका अनुमानाच्या दहा नकलांनाही तो लागू पडतो.

मी स्वतः या दोषातून मुक्त नाही. माझ्याकडच्या एका निनावी वेष्टनाचा मुद्रक मी एकदा ठामपणे सांगून मोकळा झालो होतो, कारण त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका वेष्टनावर ते नाव छापलेले होते. पुढे दोन्ही कव्हरे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा लक्षात आले, की एकाचा कागद डकवलेला आहे आणि दुसरे थेट पुठ्ठ्यावर छापलेले. दोहोंत समान होती ती फक्त कंपनी. मी मुद्रक ओळखला नव्हता. गिऱ्हाईक ओळखले होते.

यावर उपाय आपल्या घरात आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना संहितेतल्या काही शब्दांखाली असलेली नागमोडी रेघ आठवत असेल. वि. स. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, तेव्हापासून ही रेघ वाचकाला सांगत आली आहे, की येथे संपादकाने पाठ निवडला आहे, परंतु त्याची पुरती खात्री नाही. एवढ्या प्रचंड विद्वत्तेने अशी कबुली पानोपानी द्यावी आणि आपण एका पुठ्ठ्याच्या मुद्रकाविषयी छातीठोक बोलावे, हे बरे नव्हे. वेष्टनांच्या नोंदींना अशीच रेघ हवी. छापखान्याचे नाव वेष्टनावरच आहे, ही एक पायरी. नाव नाही, पण नाव असलेल्या वेष्टनाशी बांधणी, चिन्ह, कागद या किमान दोन स्वतंत्र खुणांनी मेळ बसतो, ही दुसरी. आणि कळत नाही, ही तिसरी. तिसरी पायरी म्हणजे अपयश नव्हे. रिकामा रकाना पुढच्या अभ्यासकाला विचारायला जागा ठेवतो. चुकीने भरलेला रकाना ती जागा बंद करतो.

आता मूळ आक्षेप. मुद्रक कळला काय, न कळला काय, गाणे तेच राहते ना? न्यूझीलंडचे ग्रंथविद्यातज्ज्ञ डी. एफ. मॅकेन्झी यांनी १९८५ च्या आपल्या व्याख्यानांत 'संहिता' या संज्ञेत नकाशे, चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांचाही समावेश केला, आणि संहितेचे भौतिक रूप तिच्या अर्थापासून वेगळे काढता येत नाही, असा आग्रह धरला. अवतरणे चढवलेले कॅनडाचे चित्र, निळसर अमेरिकन चित्र आणि ब्रिटनचे निःशब्द काळेपांढरे चित्र पाहून त्या त्या देशातल्या श्रोत्याने आतल्या गाण्यांविषयी निरनिराळी अपेक्षा बांधली असणार, हे मान्य करायला फार सिद्धान्ताची गरज नाही. मात्र हा युक्तिवाद मुद्रकापर्यंत आपोआप पोचत नाही, हेही मान्य केले पाहिजे. रंगछटा ठरवणारा मुद्रक अर्थात भर घालतो. पट्टी चिकटवणारा घालत नाही. मग त्याचे नाव का शोधायचे?

माझे उत्तर अर्थनिर्णयाचे नाही, न्यायाचे आहे. संग्राहकाला मुद्रक हवा असतो तो बहुधा पहिली आवृत्ती ओळखून किंमत ठरवण्यासाठी. त्यात गैर काही नाही. पण त्या हेतूने काढलेली माहिती त्या हेतूपुरतीच उरावी असे नाही. छापखान्याचे नाव हे मालकाचे नाव असते, कामगाराचे नव्हे, हे खरे. तरीही ते कामगारापर्यंत जाणाऱ्या वाटेवरचे पहिले दार आहे. नाव कळले तर शहर कळते, गल्ली कळते, संघटनेची कागदपत्रे धुंडाळता येतात, एखाद्या वृद्ध यंत्रचालकाला त्याची आठवण विचारता येते. आणि अशी माणसे फार काळ भेटणार नाहीत. एल.पी.चा मूळ जमाना १९८० च्या दशकात ओसरला. तेव्हा विशीत असलेला कामगार आज साठीच्या पुढे आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटत असेल, तर त्याचे एक कारण आपल्या कायद्यात होते. १८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने भारतात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ देणे बंधनकारक केले. तो कायदा परकीय सरकारच्या नजर ठेवण्याच्या गरजेतून जन्मला, मुद्रकांच्या प्रेमातून नव्हे. पण त्याचा अनपेक्षित लाभ असा, की निर्णयसागरपासून मौजेपर्यंतच्या मुद्रणपरंपरेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पुस्तकांतच तिचा पुरावा मिळतो. कॅनडाच्या रेकॉर्ड-वेष्टनांवर नाव देणे न देणे व्यवहारावर राहिले. म्हणून तेथे भिंग घेऊन बसावे लागते. आपला तो जुना कायदा १ मार्च २०२४ पासून गेला. त्याच्या जागी आलेला नवा कायदा नियतकालिकांचा आहे. पुस्तके त्याच्या कक्षेत नाहीत. शिवाय आपली ग्रंथालये पुस्तके बांधणीला देताना मूळ वेष्टने आणि कधी शेवटची पानेही काढून टाकतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणजे कॅनडाच्या संग्राहकांसमोर आज जो प्रश्न आहे, तो आणखी पन्नास वर्षांनी मराठी पुस्तकांच्या अभ्यासकासमोर असणार आहे.

तोवर एक साधी गोष्ट करता येईल. वर्गात एखादी कादंबरी शिकवताना एक तास तिच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात, आणि विद्यार्थ्यांना मजकुराखेरीज जे जे दिसते ते लिहायला सांगावे: कोणी छापले, कोठे छापले, कशावरून म्हणता. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर पहिल्याच्या उत्तराखाली नागमोडी रेघ ओढायला सांगावी. मलपृष्ठाची शेवटची ओळ वाचायची सवय एवढ्यानेही लागेल. आणि ती ओळ जेथे नसेल, तेथे तिच्या जागी आपली ओळ लिहिण्याचा मोह आवरण्याचीही.